ट्रकच्या दोन तारा, लॅपटॉपचे पाच व्होल्ट

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे मालट्रकची दुरुस्ती हा इथला जुना धंदा. पान्यावर हात बसलेल्या मिस्त्र्यांपुढे २०२० नंतर मात्र वेगळीच गाडी येऊ लागली. त्या वर्षी १ एप्रिलला देशभर बीएस-६ निकष लागू झाले. या ट्रकचा नॉक्स सेन्सर धुरातलं प्रदूषण मोजतो आणि तो आकडा गाडीतल्या यंत्रणांना जोडणाऱ्या कॅन बसच्या दोन तारांवरून पुढे कळवतो. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या यंत्रणेत काही बिनसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढ घेत नाही, आणि स्कॅनर लावल्याशिवाय काही उलगडत नाही.

कॅन बसचं हे तंत्र जर्मनीच्या बॉश कंपनीचं. १९८३ मध्ये तिथे काम सुरू झालं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात ते जगापुढे आलं. धुळ्याहून आग्रा रोडने नाशकात गेलं की याच कंपनीचा कारखाना आहे. जुनी माणसं त्याला अजून मायको या जुन्या नावानेच ओळखतात.

एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, एवढाच हा पसारा. बस शांत असते तेव्हा दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. संदेश निघाला की एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. वाचला जातो तो फक्त दोघींमधला फरक. त्यामुळे स्टार्टर किंवा अल्टरनेटरचा त्रास दोन्हींवर सारखाच पडतो आणि वाचताना बाद होतो.

लॅपटॉपला ही भाषा समजावी म्हणून मध्ये यूएसबी इंटरफेस लागतो आणि तो स्वतः बांधता येतो. तारांशी बोलणारा ट्रान्सीव्हर आणि यूएसबी सांभाळणारा मायक्रोकंट्रोलर हे त्याचे दोन मुख्य भाग. विद्यार्थी इथे बहुधा स्वस्तातला 'ब्लू पिल' बोर्ड उचलतात आणि फसतात. त्यावरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये यूएसबी आणि कॅन दोघांना मिळून एकच ५१२ बाइटची मेमरी आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. एफ०७२ चिपमध्ये ही अडचण नाही.

खरी परीक्षा विजेची. यूएसबी २.० पोर्टकडून पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत करंट मागता येतो. ट्रान्सीव्हर आणि मायक्रोकंट्रोलर या दोन चिपना त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. म्हणून इंटरफेसला वीज लॅपटॉपकडूनच द्यावी. गाडीच्या बॅटरीवरून घ्यायचा मोह होतो, पण ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यात अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून पाहायची जुनी सवय अनेक गॅरेजांत आहे. त्या क्षणी लाइनवर शंभराच्या वर व्होल्ट उसळू शकतात. संरक्षण नसलेला रेग्युलेटर तिथेच जळतो, आणि त्याच्यामागे लॅपटॉपही जाऊ शकतो.

अर्थिंगचा घोळ याहून फसवा. लॅपटॉप चार्जरवर, ट्रकची बॅटरीही चार्जरवर, आणि गॅरेजचं अर्थिंग कसंबसं. दोन्हीकडच्या ग्राउंडमध्ये फरक पडला की करंट यूएसबीच्या केबलमधून वाट काढतो. यावर आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणं, हा उपाय: सिग्नलसाठी आयसोलेटर आणि विजेसाठी एक वॅटचा, पाचाचे पाचच व्होल्ट देणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर. खर्च थोडा वाढतो, पण गॅरेजात वापरायच्या इंटरफेसमध्ये हा भाग कधीही गाळू नये.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावायला हवा. गाडी बंद असताना दोन तारांमध्ये ६० ओहम दिसले पाहिजेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. इंटरफेस जोडल्यावर त्यावरचाही रेझिस्टर चालू राहिला तर ४० दिसतात. तो बंद करावा. सुरुवात 'फक्त ऐका' मोडमध्येच करावी, कारण चुकीच्या वेगाने जोडलेला इंटरफेस एरर पाठवून चालत्या बसचा खोळंबा करतो. जड वाहनांच्या जे१९३९ पद्धतीत हा वेग बहुधा सेकंदाला २५० किलोबिट असतो.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. फोक्सवॅगनच्या संशोधकांनी लिहिलेलं सॉकेटकॅन २००८ पासून लिनक्समध्येच आहे. धुळ्याच्या देवरे अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा शिरपूरच्या आर. सी. पटेल इन्स्टिट्यूटला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम सहज झेपेल. भंगारातला ट्रकचा मीटर, २४ व्होल्टचा सप्लाय आणि दोन रेझिस्टर टेबलावर मांडले की सरावाला खरा ट्रकही लागत नाही.