उत्तर अडलं तरी अर्ज पाठवा

बॉस्टन विद्यापीठात १९८९पासून दर उन्हाळ्यात ‘प्रॉमिस’ हा शालेय मुलांचा सहा आठवड्यांचा निवासी गणितवर्ग भरतो. त्याची मुळं गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी १९५७मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात आहेत. मुख्य विषय संख्या सिद्धांत. आता त्याचा भारतीय वर्ग बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाल्यामुळे आपल्या मुलांनाही ही वाट जवळची झाली आहे.

अर्जाला गुणपत्रक आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतंच. पण अर्जाचा गाभा म्हणजे सोबतची अवघड गणितं. ती घड्याळ लावून सोडवायची नसतात; घरी, सवडीने, पण कुणाच्याही मदतीशिवाय सोडवायची. शिकवणीचे सर नकोत, इंटरनेट नको. पूर्ण उत्तर सापडलं नाही, तर लहान संख्या घेऊन काय दिसलं, कोणता अंदाज बांधला, सिद्धता नेमकी कुठे अडली, हे सविस्तर लिहावं. परीक्षेच्या सवयीने आपली हुशार मुलंही अर्धवट काम खोडून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. विचार कसा चालतो हे दाखवणारा पुरावा त्या खोडलेल्या ओळींतच असतो.

खर्चाच्या भीतीने मागे फिरू नका. आर्थिक मदतीची सोय आहे. ती अर्ज करतानाच मागा.