फुगवट्याचं चक्रवाढ व्याज

लहानपणी जत्रेतला लांबट फुगा फुगवताना आधी गाल दुखेपर्यंत फुंकावं लागे. मग अचानक एके ठिकाणी टप्पोरा फुगवटा येई आणि पुढची सगळी हवा तिथंच जाई. उरलेला फुगा तसाच बारीक. असं का, हा प्रश्न मला पडला तो थेट साठीनंतर.

गेल्या वर्षी पित्ताशयात खडे असतील या शंकेनं सोनोग्राफी केली. खडे नव्हते. पण डॉक्टर म्हणाले, "तुमची महारोहिणी पोटात चार सेंटिमीटर रुंद झालीय. दोनच्या आसपास हवी." दोनाचे चार होणं आपल्याकडे शुभ! मला मात्र घाम फुटला. हृदयातून निघणारी ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी.

गणित सरळ आहे. दाब तोच असला, तरी नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. ताण वाढला की भिंत ताणते, पातळ होते आणि नळी आणखी रुंद होते. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावानं हा नियम ओळखला जातो. आम्ही बँकवाले त्याला चक्रवाढ व्याज म्हणू.

मग निरोगी रोहिणी का फुगत नाही? तिच्या भिंतीत दोन जातींचे धागे असतात. इलास्टिन रबरासारखं ताणतं. कोलॅजन एरवी सैल, नागमोडी असतं; ताण वाढला की सरळ होऊन दोरासारखं आवरून धरतं. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरा, ती वेडीवाकडी फुगेल. टायरमधले दोरे तिला आवरतात. टायर चिरला, की ट्यूब नेमकी तिथून डोकावते. इलास्टिनची ठेव बहुतेक लहानपणीच जमा होते. पुढं फक्त काढणं. धूम्रपानानं ती अधिकच झिजते, आणि मी तीस वर्षं सिगारेट ओढली.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांचंही दुखणं हेच. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रूडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या रोहिणीच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्याच्या टोचणीनं भोवती चिवट तंतूंचा थर धरावा, म्हणजे नळीला नवे धागेच मिळावेत, हा हेतू. सहा वर्षांहून अधिक काळ ते निभावलं. एप्रिल १९५५मध्ये फुगवटा फुटला. पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिला.

आज पुरुषांत साधारण साडेपाच सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर वरचेवर मोजायचं, रक्तदाब ताब्यात ठेवायचा, सिगारेट सोडायची. हा फुगवटा बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुरुषांना या सोनोग्राफीचं बोलावणं जातं. आपल्या घरात साठी उलटलेले, कधीकाळी धूर काढलेले कुणी असतील, तर डॉक्टरांना एकदा विचारा.

परवा नातवानं लांबट फुगा पुढं केला. "आजोबा, फुगवून द्या ना." मी त्याला सायकलचा पंप आणायला पाठवलं.