८ तास ४५ मिनिटं म्हणजे ८.४५ तास नव्हे! वेळेच्या हिशोबात ६० कुठून आलं?

मंडळी, एक सोपं गणित सोडवूया. एका कामगाराची मजुरी तासाला १०० रुपये आहे. आज त्याने ८ तास ४५ मिनिटं काम केलं. हिशोबनीसाने कॅल्क्युलेटरवर ८.४५ गुणिले १०० केलं आणि ८४५ रुपये त्याच्या हातावर ठेवले. बरोबर?

साफ चूक! ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास. म्हणजे ८.७५ तास आणि मजुरी ८७५ रुपये. रोज असाच हिशोब झाला तर २६ दिवसांत ७८० रुपये कमी मिळाले. यातली वाईट गोष्ट अशी की ही चूक कधीच कामगाराच्या बाजूने होत नाही. कारण ६० ने भागायची मिनिटं इथे १०० ने भागली जातात आणि आकडा दरवेळी लहानच येतो.

क्रिकेटमध्ये तुम्ही ही चूक करत नाही

४.३ षटकांत ४५ धावा झाल्या, तर धावगती किती? इथे ४.३ म्हणजे ४ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. धावगती बरोबर १०. ४.६ षटकं असं कुणी म्हणत नाही, कारण सहावा चेंडू पडला की पाचवं षटक पूर्ण होतं.

याचंच नाव संख्येचा पाया. आपले रोजचे आकडे १० च्या पायावर चालतात, म्हणजे दहा झाले की पुढच्या घरात एक वाढतो. षटक ६ च्या पायावर चालतं, तर मिनिटं आणि सेकंद ६० च्या.

पण ६० च का?

हा वारसा प्राचीन मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा. साधारण चार हजार वर्षांपूर्वी तिथले लोक मातीच्या पाट्यांवर ६० च्या पायावर गणितं करत होते. ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी ही पद्धत उचलली आणि पुढे ती घड्याळात आली. 'मिनिट' आणि 'सेकंद' हे शब्द लॅटिनमधल्या 'पहिला बारीक भाग' आणि 'दुसरा बारीक भाग' या अर्थाच्या शब्दांवरून आले आहेत. तासाचे एकदा ६० भाग केले की मिनिट, त्याचे पुन्हा ६० केले की सेकंद.

आपल्याकडेही ६० च होते. एका दिवसरात्रीच्या ६० घटिका, एका घटिकेची ६० पळं आणि एका पळाची ६० विपळं. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. लग्नात 'घटिका समीप आली' म्हणतात ती हीच.

६० ची खरी ताकद वाटणीत आहे. १० ला २ आणि ५ ने भाग जातो. तीन भाग करायला गेलात तर ३.३३३ असं संपतच नाही. ६० ला मात्र २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० या सगळ्यांनी भाग जातो. तासाचा तिसरा हिस्सा? सरळ २० मिनिटं.

फ्रान्सने १० चं घड्याळ करून पाहिलं

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ साली तिथे कायदाच झाला: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं, मिनिटाचे १०० सेकंद. हिशोब सोपा झाला, पण नवा तास जुन्या १४४ मिनिटांचा! जुनी घड्याळं आणि लोकांची सवय एका कायद्याने बदलणार कशी? १७९५ मध्ये या घड्याळाची सक्ती मागे घेतली गेली. त्याच काळात आलेलं मीटर आणि किलोग्रॅम मात्र जगभर टिकलं.

२८ जीव घेणारा अपूर्णांक

प्रत्येक पायाला काही अपूर्णांक नेमके लिहिता येत नाहीत. १० च्या पायाला एक तृतीयांश जमत नाही. कॉम्प्युटर २ च्या पायावर चालतो आणि त्याला एक दशांश, म्हणजे साधं ०.१, जमत नाही. आकडे संपतच नाहीत, मग कुठेतरी तोडावे लागतात.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध सुरू होतं. सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा तैनात होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं आणि त्याचं सेकंदात रूपांतर करताना हाच तोडलेला ०.१ वापरला जायचा. एका वेळची चूक नगण्य, पण यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. साचत साचत फरक झाला ०.३४ सेकंदांचा. इराकचं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणेने ते आकाशात चुकीच्या ठिकाणी शोधलं आणि प्रतिहल्ला झालाच नाही. स्कड सैनिकांच्या निवासावर पडलं आणि २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

मग आपण काय करायचं?

तासांची बेरीज किंवा ओव्हरटाइमचा हिशोब करताना मिनिटांना आधी ६० ने भागा आणि मगच तासांत मिळवा. ४५ भागिले ६०, म्हणजे ०.७५. वेळ लिहिताना टिंबाऐवजी ८:४५ असं लिहा. एक्सेलमध्ये ८:४५ लिहिलेल्या रकान्याला २४ ने गुणून तो साध्या आकड्यात दाखवला की ८.७५ मिळतं, कारण एक्सेल पूर्ण दिवसाला १ धरतं.

आणि पगाराच्या चिठ्ठीवर ८.४५ दिसलं, तर विचारा, 'हे पावणेनऊ तास धरलेत ना?' सव्वा, साडे, पावणे हे आपले शब्द थेट पाव आणि अर्धा सांगतात. पाया १० असो की ६०, पाव तो पावच राहतो.

तुमच्या ओळखीत कुणी तासांवर काम करत असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा!