उशीवरच्या हजार रात्री

फणीत अडकलेला एखादा लांब केस सोडवून घ्या. तो चिमटीत धरा आणि अंगठा व तर्जनी त्याच्या लांबीच्या दिशेने एकमेकांवर पुढे-मागे चोळा. केस सरकू लागेल आणि सरकेल तो एकाच दिशेला: मुळाकडचं टोक पुढे, शेंडा मागे. केस फिरवून धरलात तर तो उलट्या बाजूने निघेल. बोटं तर दोन्हीकडे सारखीच हलताहेत, मग कुठे जायचं हे केसाला कोण सांगतं?

सांगतात ते त्याच्या अंगावरचे खवले. केसाभोवती पारदर्शक खवल्यांचे सहा ते दहा थर असतात आणि एकेका खवल्याची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन. कोकणातल्या घरावर कौलं रचावीत तसे ते एकावर एक चढलेले असतात, मोकळी कड नेहमी शेंड्याकडे. मुळाकडून शेंड्याकडे काहीही घासलं तर ते सुळकन जातं. उलट दिशेने घासलं की कडा अडतात, उचलल्या जातात, कधी तुटतात.

आता हाच केस रात्रभर उशीवर ठेवून बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमचे केस पस्तीस सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांचा शेंडा तीन वर्षांचा झाला आणि त्याने हजाराहून जास्त रात्री उशीवर काढल्या. प्रत्येक रात्री आपण कितीतरी वेळा कूस बदलतो, डोक्याचं सगळं वजन मधल्या केसांवर टाकून. त्वचेला खरचटलं तर ती भरून येते, केसाला ती सोय नाही. मुळातून बाहेर पडलेला केस मेलेलाच असतो, त्यामुळे एकदा उडालेला खवला कायमचा गेला.

खवल्यांवर आणखी एक अद्भुत गोष्ट असते. नव्या केसाच्या पृष्ठभागावर एका मेदाम्लाचा एकाच रेणूइतका जाड थर रासायनिक बंधाने घट्ट जोडलेला असतो. त्याचं नाव १८-मिथिल-आयकोसॅनोइक आम्ल. हा थर पाणी झटकतो आणि घर्षण कमी करतो. ब्लीच, रंग, ऊन, रोजची घासाघीस यांनी तो झिजत जातो आणि झिजला की त्या भागात परत येत नाही. मुळाशी केस चमकतो आणि शेंड्याशी खरखरतो, त्यामागे हेच वय आहे.

मानेपाशी सकाळी होणारा गुंता आठवा. लोकरीच्या तंतूंनाही असेच खवले असतात. ओल, ऊब, दाब आणि सततची हालचाल मिळाली की ते एकाच दिशेने सरकत एकमेकांत अडकतात. काश्मीरचे कारागीर लोकर भिजवून, लाटून नमदा बनवतात तो याच गुणावर. घामेजलेल्या मानेखाली, उशीवर, या चारही गोष्टी आयत्या हजर असतात.

नागमोडी केसांना हा त्रास जास्त होतो. सरळ केस शेजाऱ्याला समांतर पडून राहतात. नागमोडी केसाला प्रत्येक वळणावर वेगळा ताण येतो आणि तिथे तो तुटायला सोपा असतो. टाळूवरचं नैसर्गिक तेलही वळणं घेत शेंड्यापर्यंत नीट उतरत नाही. शिवाय लाट सुंदर दिसते ती शेजारचे पंचवीस-पन्नास केस एकाच तालात वळतात तोवर. उशीने त्यातले पाच-सहा तालाबाहेर ओढले की जे उरतं, त्यालाच आपण केस पिंजारले म्हणतो.

मग रेशमी उशीचं काय? जाहिराती सांगतात, सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषतो, रेशीम शोषत नाही. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरतो आणि रेशीम जवळपास अकरा टक्के. पाणी पळवणं हाच गुन्हा असेल, तर रेशीम मोठा चोर ठरेल आणि अर्धा टक्काही पाणी न धरणारं पॉलिएस्टर संत! खरा फरक धाग्यात आहे. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, असे असंख्य तंतू पिळून सूत होतं आणि त्यांची टोकं बारीक लवेसारखी वर येतात. केसांचे खवले त्यांत अडकतात. रेशमाच्या एका कोशातून मात्र शेकडो मीटर अखंड धागा निघतो, त्याला अधेमधे टोकंच नाहीत. साटीनच्या विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे पडून राहतात, म्हणून तीही गुळगुळीत लागते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या साटीनची टोपी किंवा रेशमी रुमाल बांधून झोपत आल्या आहेत. बाकी जगाला हे शहाणपण फार उशिरा कळलं. महागडा अभ्रा घ्यायलाच हवा असं नाही, जुन्या रेशमी साडीचा तुकडा चालतो. जरीचा काठ तेवढा वगळा. पॉलिएस्टरचं साटीन स्वस्त पडतं, पण मुंबईच्या मे महिन्यात त्यावर झोपणं म्हणजे मानेला घामाची आंघोळ.

अभ्र्यापेक्षाही मोठा प्रश्न ओल्या केसांचा. १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. सगळा फरक दोन-अडीच टक्क्यांचा, पण इतका भरवशाचा की विसाव्या शतकातही हवामान वेधशाळांमध्ये केसांच्या जुडीवर चालणारी यंत्रं होती. म्हणजे जुलैत आपल्या डोक्यावर हजारो आर्द्रतामापक एकदम काम करत असतात, प्रत्येक आपल्या अंदाजाने.

आतमध्ये काय घडतं? केसाचं मुख्य प्रथिन असलेल्या केराटिनच्या साखळ्या प्रामुख्याने दोन तऱ्हेच्या बंधांनी धरलेल्या असतात. गंधकाचे बंध पक्के, ते साध्या पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, तो त्या क्षणी ज्या आकारात असेल त्या आकारात, नव्याने जुळतात. पूर्ण भिजलेल्या केसाची जाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, घर्षण वाढतं आणि केस जास्त ताणला जातो. रात्री न्हाऊन तसंच आडवं होणं म्हणजे केस सर्वांत हळवे असताना त्यांना चेपणं आणि तो चेपलेला आकार सकाळपर्यंत पक्का होऊ देणं.

म्हणून न्हाणं संध्याकाळीच उरका. केस पंच्याने दाबून टिपा, कारण टर्किश टॉवेलचे फासे खवल्यांना अडकतात आणि पंच्याला फासेच नसतात. केस दमट असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून वर गुंता सोडवत जा आणि झोपण्याआधी ते पुरते वाळू द्या.

मोकळे केस सोडून झोपू नये, असं घरोघरच्या आज्या सांगत. त्यांनी दिलेलं भुताखेतांचं कारण सोडून देऊ, सल्ला मात्र अचूक होता. एक सैल वेणी घातली की शेकडो केस एकमेकांना धरून एकत्र हलतात आणि उशी फक्त वरच्या थोड्यांना घासते. केस छोटे असतील तर टाळूवर सैल बुचडा बांधा, म्हणजे लाटा डोक्याखाली चिरडत नाहीत. घट्ट वेणी मात्र नको. रोजच्या ओढीने कपाळाकडचे केस मुळापासून विरळ होतात. रबरबँडऐवजी कापडात गुंडाळलेलं स्क्रंची वापरा. १९८७ साली अमेरिकेत रॉमी रेव्हसन यांना त्याचं पेटंट मिळालं, तेही केसांना न ओरबाडणारं बंधन हवं म्हणूनच.

आणि तेल? २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना होणारी प्रथिनांची झीज खोबरेलाने ठळकपणे कमी झाली, बाकी दोघांनी नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं संशोधन म्हणून भुवई उंचावणं योग्यच, पण कारण रसायनशास्त्रात बसतं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल सरळ, मध्यम लांबीच्या साखळीचं असतं. ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने होणारं फुगणं आवरतं. म्हणजे तेलाची खरी वेळ न्हाण्याच्या आदल्या रात्रीची. ते शेंड्यांकडच्या अर्ध्या लांबीलाच, बोटांना ओशट लागेल इतकंच लावा आणि दुसऱ्या दिवशी अभ्रा धुवायला टाका. नाहीतर तेच तेल अभ्र्यावरून कपाळावर येतं आणि तिथे पुटकुळ्या उठतात.