‘पॉवर’ची गोळी आणि जिवाणूची चाल
“या गोळीची आता सवय झाली, जरा पॉवरची द्या.” चंद्रपूर-गडचिरोलीत औषधाच्या दुकानात हे सर्रास ऐकू येतं. पण सवय शरीराला होत नाही. बदलतो तो जिवाणू. म्हणूनच, ज्याने अँटिबायोटिक आयुष्यात कधी घेतलं नाही अशा तान्ह्या बाळालाही प्रतिरोधक जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

दुसरा समज असा की नवं अँटिबायोटिक जंगलातल्या एखाद्या झाडपाल्यात दडलं असेल. वापरातली बहुतेक अँटिबायोटिक्स मुळात मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून मिळाली आहेत. काही मात्र माणसाने रेणू जुळवून घडवली, आणि त्यातल्याच एका औषधाने गडचिरोलीत इतिहास घडवला.

ते औषध को-ट्रायमोक्साझोल. त्यातलं ट्रायमेथोप्रिम जॉर्ज हिचिंग्ज यांच्या गटाने घडवलं. फोलेट वापरात आणणारं एक एन्झाइम माणसात आणि जिवाणूत, दोघांतही असतं. पण हा रेणू जिवाणूच्या एन्झाइमला हजारो पटींनी घट्ट चिकटतो. रोगी वाचतो, जिवाणू अडतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हेच औषध बाळांच्या न्यूमोनियासाठी गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि दायांच्या हाती दिलं. गावच्या बाया औषध वाटेल तसं वाटतील आणि प्रतिरोध वाढवतील, ही शंका आजही निघते. पण या बाया आधी बाळाचे श्वास मोजत. निरक्षर दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं साधन होतं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. श्वास ठरल्यापेक्षा जलद असेल तरच औषध. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात उपचार झालेल्या रुग्णांतला मृत्युदर 0.8 टक्के होता, तुलनेच्या गावांत 13.5. सर्दीपडशाला सरसकट अ‍ॅझिथ्रोमायसिन घेण्यापेक्षा हा वापर कितीतरी शिस्तीचा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

जिवाणूही स्वस्थ बसत नाही. ट्रायमेथोप्रिम ज्याला चिकटत नाही अशा एन्झाइमचं जनुक तो दुसऱ्या जिवाणूकडून घेतो. मग डोस वाढवून फारसं साधत नाही, रेणूच नव्याने आखावा लागतो. मुंबईच्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन त्याच वाटेने आलं. अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला मुख्यतः एका जागी पकडतं. जिवाणूने ती जागा बदलली की पकड सुटते. नॅफिथ्रोमायसिन दोन जागी पकडतं, त्यामुळे एक निसटली तरी दुसरी राहते. न्यूमोनियासाठीचं हे औषध दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा त्यामागे सुमारे 14 वर्षांचं काम होतं. संगणकाने रेणू सुचवला की औषध तयार, असं मानणाऱ्यांनी हा काळ लक्षात घ्यावा.

पण औषधाआधी निदान हवं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप आला की आधी मलेरियाची शंका घ्यायची. मलेरिया जिवाणूमुळे होत नाही, परजीवीमुळे होतो. न्यूमोनियासाठी घडवलेला रेणू त्याच्यावरचा उपचार नव्हे. आशाताईंकडे तपासणीचं किट असतं. बोटातलं थेंबभर रक्त पुरतं, आणि वीसेक मिनिटांत कळतं.