जुनी पिकअप घेताना गिअरपेटीची परीक्षा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या आणि दौंड तालुक्यात भीमा व खडकवासला कालव्याच्या पाण्यावर कांदा, ऊस व भाजीपाला पिकतो. हा माल पुण्याच्या मार्केट यार्डात नेण्यासाठी पुष्कळ शेतकरी जुनी पिकअप घेतात. रंग व टायर पाहून सौदा ठरतो. गिअरपेटी मात्र क्वचितच तपासली जाते, आणि मोठा खर्च तेथेच दडलेला असतो.

प्रथम क्लच पाहावा. सपाट जागी हातब्रेक ओढून वरचा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. गाडीपुढे कोणी उभे राहू नये. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक, चालूच राहिले तर प्लेट झिजली असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळते. मग ओझे भरून चढावर गाडी चालवावी. गिअर आपोआप सुटत असेल वा करकरत असेल, तर पेटीतील तेल काढून पाहावे. त्यात पोलादाचे तुकडे आढळल्यास दाते तुटत आहेत. तेल दुधाळ असल्यास आत पाणी शिरले आहे.

स्वयंचलित गिअरची पिकअप क्वचितच विक्रीस येते. तिचे तेल काळे व जळक्या वासाचे असेल, किंवा गिअर टाकल्यावर ती थबकून झटक्याने निघत असेल, तर स्वस्तातही घेऊ नये.

नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा आहे काय, हे गावकार्यकर्त्याने शेतकऱ्यास वाचून दाखवावे. मालकीबदलाची नोंद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खरेदीदाराने ३० दिवसांत करावयाची असते.