गाडी स्वस्त, टप महाग

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या मराठी माणसाची तिथली पहिली गाडी बहुधा शहाणपणाची असते. पाच दारं, मोठी डिकी, भारतातून आई-बाबा आले तर मागे ऐसपैस बसतील अशी. दुसऱ्या गाडीच्या वेळी मन जरा सैल होतं. जाहिराती चाळताना लक्षात येतं, की दहा-पंधरा वर्षं जुनी, बटण दाबलं की टप दुमडून आत जाणारी गाडी तीन ते सात हजार पौंडांत मिळते आहे. टपही कापडी नाही, चांगला कडक.

ही किंमत खोटी नसते. फक्त ती गाडीची असते. टपाचा हिशेब वेगळा असतो आणि तो जाहिरातीत दिसत नाही. म्हणून अशी गाडी निवडताना आधी टप निवडावा आणि इंजिनाकडे मागाहून वळावं, असं माझं मत आहे. जुनं इंजिन दुरुस्त करणारा गल्लोगल्ली सापडतो. टपाच्या यंत्रणेला हात लावणारा शोधत फिरावं लागतं.

टप दुमडतो तेव्हा काय होतं

आधी दारांच्या काचा जरा खाली सरकतात. मग डिकीचं झाकण उलट्या दिशेने, म्हणजे मागच्या बंपराकडे कलत उघडतं. टपाचे दोन, तीन किंवा पाच तुकडे एकमेकांवर येत त्या पोकळीत उतरतात आणि झाकण मिटतं. बहुतेक गाड्यांमध्ये हे काम हायड्रॉलिक पंप आणि दट्ट्ये करतात. प्रत्येक टप्प्यावर एक छोटा स्विच ‘हे झालं’ असं संगणकाला कळवतो, मगच पुढची हालचाल होते. एका स्विचाने कळवलं नाही, तर सगळं तिथेच थांबतं, मग टप हवेत अर्धवट उभा असो नाहीतर वरून पाऊस पडत असो.

गंमत म्हणजे अडलेल्या टपाचं कारण पुष्कळदा क्षुल्लक निघतं. डिकीत सामान आणि टप यांच्यामध्ये एक पडदा असतो. तो खाचेत नीट बसलेला नसेल तर टप हलतच नाही. सामान चिरडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. दुसरं कारण थकलेली बॅटरी. या दोन गोष्टी माहीत नसल्याने गॅरेजात पैसे मोजून आलेले लोक कमी नाहीत.

पण दट्ट्याचं सील गेलं आणि तेल पाझरू लागलं, तर प्रकरण गंभीर होतं. नवा दट्ट्या महाग पडतो. जुनाच खोलून नवी सीलं बसवून देणारे कारागीर ब्रिटन-अमेरिकेत आहेत. सौदा करण्याआधी त्यांचा भाव विचारून ठेवावा.

दंतवैद्याची कल्पना

ही कल्पना मोटारींच्या मानाने बरीच जुनी आहे. फ्रान्समधले जॉर्ज पोलाँ पेशाने दंतवैद्य होते आणि हौसेने गाड्यांचे आराखडे काढत. आपोआप दुमडणाऱ्या कडक टपाची त्यांची रचना प्यूजोने उचलली आणि 1934 पासून ‘एक्लिप्स’ या नावाने आपल्या गाड्यांवर आणली. पुढे महायुद्धात पोलाँ जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील झाले आणि 1942 मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

अमेरिकेत फोर्डने 1957 ते 1959 या काळात ‘स्कायलायनर’ काढली. अख्खा लांबलचक टप डिकीत घालण्यासाठी तिच्यात जवळजवळ 185 मीटर वीजतार खेळवलेली होती. तीन वर्षांत 48,394 गाड्या बनल्या आणि फोर्डने तो नाद सोडला.

मग 1996 मध्ये मर्सिडीज एसएलके आली. काही वर्षांतच प्यूजोने 206 सीसी काढून हीच करामत सामान्य खिशाच्या आवाक्यात आणली आणि पाठोपाठ जवळजवळ प्रत्येक कंपनीला अशी गाडी हवीशी वाटू लागली. ती लाट आता ओसरली आहे. बीएमडब्ल्यूची झेड-4 2018 मध्ये कापडी टपाकडे परतली, मर्सिडीजची एसएलही 2021 मध्ये परतली. कापडी टप दरम्यान जाड, अनेक थरांचे आणि बरेच शांत झाले होते. कडक टपाचं वजन आणि त्याने गिळलेली डिकी डोळ्यांत खुपू लागली. त्यामुळे आज स्वस्तात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या साधारण 2000 ते 2015 या काळातल्या आहेत आणि त्यांतल्या सगळ्या टपांचं आता वय झालेलं आहे.

कोणती घ्यावी

मला विचाराल तर माझदा एमएक्स-5 ची तिसरी पिढी, विजेवर दुमडणाऱ्या कडक टपाची. ब्रिटनमध्ये ही ‘रोडस्टर कूपे’ नावाने विकली गेली. कडक टपाची आवृत्ती 2006 मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि ही पिढी 2015 पर्यंत चालली. टप पोलादी पत्र्याचा नाही, हलक्या संमिश्र प्लास्टिकचा आहे. त्यामुळे कापडी आवृत्तीपेक्षा गाडी अवघी 37 किलोंच्या आसपास जड झाली. दुमडायला 12 सेकंद लागतात. मुख्य म्हणजे तो डिकीत जातच नाही. आसनांच्या मागे, जिथे कापडी टप मावायचा तिथेच मावतो. 150 लिटरची डिकी टप उघडा असो वा बंद, तेवढीच राहते.

मला सगळ्यात आवडतो तो तिचा साधेपणा. हायड्रॉलिक तेल नाही, विजेच्या मोटरी आहेत. पुढची कडी हाताने सोडवावी लागते आणि गाडी थांबवावी लागते. कंपनीने इथे थोडी ऐट कमी केली आणि बिघडण्याच्या जागाही कमी केल्या. इंजिन 1.8 किंवा 2.0 लिटरचं, टायमिंगला पट्टा नसून साखळी. अडचण एकच, आसनं दोनच.

मुलं असतील तर नजर फोक्सवॅगन ईऑसकडे जाते. पोर्तुगालमधल्या पाल्मेला इथे 2006 ते 2015 पर्यंत बनलेली ही चार आसनांची गाडी कारागिरी म्हणून थक्क करणारी आहे. टपाचे पाच तुकडे, त्यांतला एक काचेचा, आणि टप बंद असताना तो सरकवून नुसतं सनरूफही उघडता येतं. उघडायला 25 सेकंद. टप बंद असताना डिकी 380 लिटर, दुमडला की 205. पण पाच तुकडे म्हणजे त्यांच्यामधल्या रबरी पट्ट्याही तितक्याच, आणि त्यांना ठरावीक मुदतीने विशिष्ट ग्रीस चोळावं लागतं. ते टाळलेल्या गाड्या गळतात. हाताशी आलं ते तेल चोळणंही चालत नाही, कारण पेट्रोलियमपासून केलेल्या तेलाने असं रबर फुगतं. सुरुवातीच्या 2.0 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्ट आणि इंधनपंप यांच्यामधला छोटा फॉलोअर झिजतो. तो कधी तपासला, बदलला, हे विचारावंच. ग्रीस चोळायला वर्षातून दोन रविवार देणारा माणूस असेल तर ईऑस त्याला लाभेल, बाकीच्यांनी लांबून कौतुक करावं.

व्होल्वो सी-70 (2006 ते 2013) दणकट आणि लांबच्या प्रवासाला सुखाची, पण तिची यंत्रणाही तितकीच गुंतागुंतीची. पहिली एसएलके दिसायला अजून देखणी आहे. तिच्यात गंज आणि पाझरणारे दट्ट्ये दोन्ही शोधावे लागतात. 206 सीसी सगळ्यात स्वस्त. तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

पाण्याला वाट

नवख्या मालकाला वाटतं, टप बंद केला की पाणी बाहेरच राहणार. या गाड्यांची रचना तशी नसते. थोडं पाणी पहिल्या रबरी पट्टीच्या आत येणार, हे धरूनच गाडी आखलेली असते. ते कौलारू घराच्या पन्हळीसारख्या खाचांतून कोपऱ्यात येतं आणि तिथून नळीवाटे गाडीखाली निघून जातं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर या नळ्यांच्या तोंडाशी पालापाचोळा आणि चिखल साठतो. मग पाणी तुंबतं आणि दुसरी वाट शोधतं.

एमएक्स-5 मध्ये ही नळी आसनांच्या मागच्या कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबाजवळ सुरू होते आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली उघडते. ती तुंबली की पाणी आसनांमागच्या गालिच्यात आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरतं. ही पट्टी कोणत्याही उघड्या गाडीचा कणा असते. कायमच्या टपाच्या गाडीत छतही भार वाटून घेतं. इथे ते नाही, म्हणून कंपनीने सगळी मजबुती खालच्या पट्ट्यांत आणि तळात भरलेली असते. एरवीच्या गाडीत दाराखाली गंज म्हणजे खर्च, इथे तो गाडीच्या ताकदीचाच प्रश्न होतो. त्यातून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. आतून तुंबलेलं पाणी, बाहेरून मीठ.

नळी साफ करायला लवचीक प्लास्टिकची तार हळूच घालावी. कॉम्प्रेसरची हवा सोडू नये. तिच्या दाबाने आतला सांधा निखळला तर नळी परत जोडायला अर्धी गाडी खोलावी लागते.

बघायला जाताना

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी तपासणी लागते. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिचा 2005 पासूनचा इतिहास फुकट दिसतो. त्यात ‘पास’पेक्षा खालची शेरेवजा सूचना वाचा. ‘गंजाची सुरुवात’ असा शेरा तीन वर्षं सलग आला आणि चौथ्या वर्षी गायब झाला, तर पट्टी खरंच बदलली की नुसता काळा रंग मारला, हे विचारा. गाडीवर कर्ज थकलेलं आहे का, याची वेगळी चौकशी थोडक्या पैशांत होते. ती टाळू नये.

पण एमओटी करणारा ब्रेक बघतो, दिवे बघतो, गंज बघतो. टप उघडतो का, हे बघत नाही. ते काम तुमचंच.

विकणाऱ्याला आधीच सांगा, की मी येईन तेव्हा टप बंद आणि इंजिन थंड असू द्या. इंजिन चालू करून टप सलग दोनदा उघडा आणि बंद करा. पहिल्या खेपेला नीट चाललेला दुर्बळ पंप दुसऱ्या खेपेला धापा टाकतो. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतात का, तुकड्यांमधली फट दोन्हीकडे सारखी दिसते का, टप कुठे आचका देतो का, याकडे लक्ष असू द्या. ‘आज थंडी आहे, म्हणून जरा अडतोय’ हे वाक्य ऐकलंत तर किंमत ऐकायचीही गरज नाही.

मग हाताने पाहणी. आसनांमागचा गालिचा दाबा, डिकीतलं आच्छादन उचला, स्टेपनीची खोबण असेल तर तिच्यात बघा. कुबट वास लपवायला अत्तराचं झाड आरशाला टांगलेलं असतं, तेही ध्यानात घ्या. शेवटी पाण्याची बाटली काढा. मालकाची परवानगी घेऊन आसनांमागच्या कोपऱ्यातल्या खाचेत पाणी सावकाश सोडा आणि गाडीखाली वाका. मागच्या चाकापुढे धार पडली तर उत्तम. धार पडलीच नाही तर पाणी गाडीत कुठेतरी गेलं आहे, आणि तुमच्या आधीही बरंच गेलेलं असणार.

चालवताना खडबडीत रस्ता निवडा. बंद टप थोडा कुरकुरतो, ते चालेल. ठोके ऐकू येता कामा नयेत.

वरखर्च

लंडनमध्ये राहणाऱ्याने उत्सर्जन-नियम आधी पाहावेत. ऑगस्ट 2023 पासून शहराचा सगळा भाग या नियमांच्या क्षेत्रात येतो आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोल गाडीला युरो-4 पुरतं, डिझेलला युरो-6 लागतं. त्यामुळे तिसरी एमएक्स-5 सुटते आणि ईऑसचं जुनं डिझेल अडकतं. या काळातल्या बहुतेक गाड्यांचा रस्ताकर धुराड्यातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. मोठ्या इंजिनाला तो बराच बसतो. विमा वयावर आणि पत्त्यावर. बाकी टायर, ब्रेक, तेल हे सगळं साध्या गाडीसारखंच.

भारतात?

वापरलेली गाडी बाहेरून आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा आयातीचा नियम आहे, आणि वर जबर जकात. म्हणजे परदेशातली ती पाच हजार पौंडांची गाडी पुण्याला येऊ शकत नाही. इथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्या झेड-4 आणि एसएलके मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसतात, पण स्वस्त हा शब्द तिथे लागू होत नाही. शिवाय इथल्या उन्हात टप उघडायचा तो पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर.

कधी घ्यावी

ब्रिटनमध्ये पहिलं ऊन पडलं की या गाड्यांना गिऱ्हाईक येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये भाव चढतात. नोव्हेंबरात मालक कंटाळलेला असतो आणि घासाघीस जमते. तेव्हाच जा, आणि शक्यतो पावसाच्या दिवशी जा. भिजलेल्या गाडीवरचे ओरखडे नीट दिसत नाहीत हे खरं, पण ते दुसऱ्या फेरीत बघता येतात. आदल्या रात्रभर पावसात उभी असलेली गाडी आतून कोरडी आहे की नाही, हे मात्र उन्हाळ्यात कोणीच दाखवू शकत नाही.